डिंगोऱ्याला पाठवलेला आवाज

एका रविवारी डिंगोऱ्याच्या उपासनेला मी स्वतः न जाता माझा आवाज पाठवला. त्या आवाजाने प्रार्थना चालवली, उपदेश केला, एका ठरलेल्या लग्नाला कोणाची हरकत आहे का असं विचारलं, आणि हरकत घेणारी बाई भिंतीला धरून उठेपर्यंत ‘कोणाचीही हरकत नाही’ असं जाहीरही करून टाकलं.

यंत्राला बोल लावायला जागा नाही. ते सांगितलं तेवढंच बोललं. आमच्या मंडळीत हे तोवर कोणाला जमलं नव्हतं, मला तर नाहीच.

पन्नास साल मागे पडून थोडी वर्षं झाली होती. जुन्नरला पाळक म्हणून मी नवा होतो. ख्रिस्ती घरं गावोगाव विखुरलेली. पश्चिमेला डिंगोरे, त्याच्याही पुढे माळशेजच्या वाटेवर मढ, आणि पूर्वेला थेट आंबेगाव तालुक्यात शिरून लोणी. एवढ्या सगळ्यांना पाळक एक आणि पाळकाला सायकल एक. एका रविवारी डिंगोरे केलं की लोणी राहायचं, लोणी केलं की डिंगोरे. आमच्या घरी बायबल आणि एसटीचं वेळापत्रक एकाच फळीवर असायचं. त्यातलं कुठलं जास्त हाताळलेलं दिसायचं, ते इथे सांगत नाही.

पाळक व्हायचं मी मनापासून ठरवलं होतं, त्यात खोट नाही. पण चित्र दाखवणारं किंवा आवाज काढणारं एखादं यंत्र दिसलं, की माझे पाय तिथून निघत नसत. पहिल्याच वर्षी मिशनच्या अडगळीतून मी जादूचा कंदील शोधून काढला आणि मढला भिंतीवर चादर लावून हरवलेल्या मेंढराची गोष्ट दाखवली. काच उलटी बसली. मेंढपाळ खाली डोकं वर पाय, आणि मेंढरू छताला चिकटलेलं. मी आपला डोळे मिटून तल्लीनतेने सांगत होतो. शेवटी पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने अगदी काळजीने विचारलं, “साहेब, ह्ये हरवलंय का कड्यावरनं पडलंय?”

नारायणगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पाळकाने सिनेमाला जाणं तेव्हा शोभत नसे. म्हणून मी अगदी मागे, प्रोजेक्टरला खेटून बसायचो आणि तोंड यंत्राकडे करायचो. फीत चाकावर कशी चढते, तुटली की ऑपरेटर ती कशी चिकटवतो, हे बघण्यात माझा खेळ संपायचा. पडद्यावर काय चाललंय याचा पत्ता नसायचा. एकदा आमच्याच मंडळीतल्या एकाने मला तिथे पाहिलं. तो स्वतः तिथे कशाला आला होता, हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. पण गावात बातमी अशी पोचली, की पाळकसाहेब सिनेमाच्या तंबूत बसले होते खरे, पण पडद्याकडे पाठ करून. पाप्यांची विचारपूस करायला गेले असतील, पण नजर तिकडे वळवली नाही, असा मंडळीने अर्थ लावला. माझा मान वाढला. मी तो वाढू दिला.

बायको मात्र फसली नाही. “पुढच्या जत्रेला तिकिटं फाडायला बसा,” ती म्हणाली, “तिथे तुमचा उपदेशही कोणी मध्ये उठून न जाता ऐकेल.”

अशा माणसाच्या हाती टेपरेकॉर्डर पडला. मिशनच्या बंगल्यावर उतरलेला एक परदेशी पाहुणा मायदेशी निघाला तेव्हा ते धूड त्याच्या सामानात मावेना, म्हणून तो ते मला देऊन गेला. त्यांच्या सामानात मावलं नाही ते आपल्या दोन खोल्यांत कसं मावणार, असं बायकोने विचारलं. मावलं. तिचं शिवणाचं यंत्र ओट्याखाली गेलं.

टेपरेकॉर्डरला चावी देऊन चाकं फिरवायची आणि आवाजासाठी बॅटऱ्या घालायच्या. त्या परदेशी बॅटऱ्या इथे कुठून मिळणार? पण जुन्नरच्या बाजारात घड्याळं आणि ग्रामोफोन दुरुस्त करणारे एक वयस्क मुसलमान मिस्त्री होते. माझी निम्मी पाळकी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून होत असे. कोणी आजारी असल्याचा निरोप आला की बायको सांगायची, घरी कशाला आलात, मिस्त्रींकडे जा. त्या मिस्त्रींनी आणि मी मिळून, दोनदा ठिणग्या पाडून आणि एकदा त्यांची दाढी थोडी होरपळवून, ते यंत्र रेडिओच्या बॅटरीवर चालतं केलं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा त्यातून ऐकला तेव्हा मला भरून आलं. मिस्त्री म्हणाले, “पादरीसाब, आवाज तुमचाच आहे, पण जरा शहाणा वाटतो.”

आता त्या लग्नाची गोष्ट.

डिंगोऱ्यात आमच्या मंडळीचे एक पंच होते, पलटणीतून पेन्शनीत आलेले. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. गावातला एकुलता एक रेडिओ त्यांच्याकडे, अर्थात बॅटरीही त्यांच्याकडे. त्यामुळे माझ्या त्यांच्या घरच्या भेटी जरा जास्तच व्हायच्या. त्यांची थोरली मुलगी पुण्याला मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगला होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. सुभेदारांनी तिचं लग्न लोणीच्या एका घरात ठरवलं आणि ते मे महिन्यात उरकायचं असं जाहीर केलं. म्हणजे शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. मुलीला विचारलं का, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि लाज वाटते, मलाही पडला नाही. त्या दिवशी त्यांनी नवी बॅटरी आणली होती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत मुलामुलीची नावं वाचतात. त्याला पुकार म्हणायचं. नावं वाचून झाली की पाळक विचारतो, हे लग्न होऊ नये असं कोणाला वाटत असेल तर त्याने आता सांगावं. मग थांबायचं असतं. सहसा कोणी बोलत नाही, कोणी तरी खोकतं, बाहेर कोंबडं ओरडतं, मग पाळक पुढे जातो.

पहिल्या रविवारची पुकार मी स्वतः केली. दुसऱ्या रविवारी लोणीला बाप्तिस्मे ठरलेले होते. पुकार तर खंडता कामा नये. यावर इतर कुठल्याही पाळकाने एक आठवडा लग्न पुढे ढकललं असतं. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. सुभेदारांना कल्पना फारच आवडली. बॅटरी ते देणार, यंत्र मिस्त्री घेऊन जाणार, कारण त्यांना तसंही डिंगोऱ्यात दुरुस्तीची घड्याळं पोचवायची होती.

त्याआधीच्या शुक्रवारी मी घराचं दार लावून संपूर्ण उपासना बोललो. फीत एकच होती आणि उपदेश जरा लांबला होता. पहिल्यांदा घेतलं तेव्हा शेवटचा आशीर्वाद फितीत बसेना. काही तरी कापायला हवं होतं. उपदेशातलं एकही वाक्य कापायला माझं मन होईना, इतकी ती सगळी मला आवडली होती. म्हणून मी पुकारीनंतरचं थांबणं कापलं. तिथे नाही तरी काहीच नव्हतं. “कोणाची हरकत असल्यास आता सांगावी,” एक श्वास, “कोणाचीही हरकत नाही, देवाची स्तुती असो.” चोख बसलं.

रविवारी मी लोणीत होतो. बाप्तिस्मे झाल्यावर नवऱ्या मुलाच्याच घरी जेवलो. या क्षणी माझा आवाज डिंगोऱ्यात उपदेश करतो आहे, हे मी त्यांना वरणभातापासून पानसुपारीपर्यंत समजावून सांगितलं. नवऱ्या मुलाची आई मध्ये काही तरी विचारू बघत होती. मी तिला चाकं कशी फिरतात ते हाताने दाखवलं.

तिकडे काय झालं ते मला मिस्त्रींनी सांगितलं. शाळेच्या खोलीत टेबलावर यंत्र, समोर मंडळी, आणि मिस्त्री टोपी घालून अदबीने बाजूला उभे. सगळं सुरळीत. उपदेशाच्या ऐन भरात माझ्या आवाजामागून बायकोचा आवाज आला, “अहो, दूध बघा,” तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघी उठून घरी जाऊन आल्या, एवढंच. मग पुकार आली. विचारणा झाली तशी सुभेदारांची थोरली बहीण उठू लागली. ही मुलीची आत्या. मढला राहायची, पहिल्या पुकारीला नव्हती, या रविवारी मुद्दाम आली होती. विधवा होती, आणि उभं आयुष्य बायबलबाई म्हणून, बायकांना बायबलातल्या गोष्टी तोंडपाठ सांगत, गावोगाव हिंडली होती. त्या हिंडण्यात तिचे गुडघे गेले. एक हात भिंतीला, एक हात शेजारणीच्या खांद्याला, अशी ती अर्धी उठली असेल-नसेल, तोच मी यंत्रातून देवाची स्तुती केली. मंडळी सवयीने ‘आमेन’ म्हणाली. आत्या पूर्ण उभी राहिली तेव्हा गीत चालू झालं होतं.

“मग तुम्ही यंत्र बंद का नाही केलं?” मी मिस्त्रींना विचारलं.

“खटका हाताखालीच होता,” ते म्हणाले. “पण तुमची इबादत चालू. मी मध्येच तिचा गळा कसा दाबू? बुजुर्ग बाई हात करत होती. मला वाटलं, तुमच्यात असंच करत असतील.”

सोमवारी दुपारी आत्या आमच्या दारात उभी. यंत्र परत आलं होतं, टेबलावर होतं. ती आत आली, माझ्याकडे न बघता टेबलासमोर गेली आणि यंत्राला म्हणाली, “सलाम, पाळकसाहेब.”

“आत्याबाई, मी इकडे आहे,” मी म्हणालो.

“तुमी हाय व्हय? मला वाटलं, समदा कारभार ह्येंच्याकडं दिला.”

बायकोने तिला पाट दिला, चहा दिला आणि स्वतः दाराशी ठाण मांडून बसली. माझ्या बाजूने नव्हे. आत्याने सांगितलं ते थोडक्यात असं. पोरीला लग्न नको असं नव्हतं, पण एक वर्ष हवं होतं. शिक्षण पुरं झालं की मग कुठंही द्या, असं ती रडून आत्याला म्हणाली होती. आत्या स्वतः लग्नासाठी शाळेतून उठवली गेली होती, आणि पांढरे केस झाल्यावर लोकांच्या पोरांबरोबर बसून बाराखडी पुरी केली होती. ते तिने सांगितलं, पण रडत नव्हे, चहात बुडवायला बिस्कीट मागता मागता.

“घरात माझ्या भावापुढं बोलायची कोनाची छाती न्हाई,” ती म्हणाली. “देवळात त्यो पंच. पुकार चालली की पंचानं गप बसायचं, आन ज्येला बोलायचं त्येनं बोलायचं. तेवढी एकच जागा व्हती आमाला. ती तुमी चाकावर गुंडाळून ठिवली.”

मी म्हणालो, काळजी करू नका, मी सुभेदारांशी बोलतो. दाराशी बसलेली बायको म्हणाली, “म्हणजे नक्की कोण बोलणार? तुम्ही का हे?”

मीच गेलो. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पलटणीतल्या माणसाने नकाशावर बोट ठेवावं तसं मला समजावलं. यंत्राने विचारलं ते पाळकानेच विचारलं, असं धरलं तर पुकार झाली, कोणी बोललं नाही, विषय संपला. “आन यंत्रानं विचारलेलं खरं न्हाई असं तुमी म्हनत असाल, तर त्या दिशीची उपासनाबी खरी न्हाई. मंग पाळकसाहेबांनी रविवार बुडवला, असं मला मिशनच्या पुण्याच्या कचेरीला कळवावं लागंल. पंच हाय मी.” वर हसून म्हणाले, “मी तर म्हनतो, उपासना लई झकास झाली. तुमच्यापरीस खणखणीत.”

परत येताना सायकल उताराला असूनही मला जड गेली. कचेरीत माझ्या सिनेमाची, कंदिलाची कुणकुण आधीच होती. रविवार बुडवला हे कळलं तर पाळकाचा झगा खुंटीला लागणार. आणि न सांगावं, तर ती मुलगी मे महिन्यात लोणीला. आठवडाभर मी उपदेश लिहिला नाही. मिस्त्रींच्या दुकानातही गेलो नाही, त्यामुळे मी आजारी आहे असं बाजारात पसरलं.

तिसऱ्या रविवारी मी डिंगोऱ्याला गेलो, यंत्र घरी ठेवून. मुलगी सुट्टीला आली होती, आत्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. सुभेदार पहिल्या रांगेत. तयार केलेलं काहीच नव्हतं, म्हणून मी जे खरं होतं ते बोललो. मागच्या रविवारी इथे उपासना झाली नाही. पाळक लोणीला जेवत होता. तेव्हा आजची पुकार तिसरी नाही, दुसरी. मग नावं वाचली, विचारलं आणि थांबलो.

यापूर्वी मी इतका वेळ कधी गप्प राहिलो नव्हतो. कोणी तरी खोकलं. बाहेर कोंबडं ओरडलं. आत्याने एक हात भिंतीला लावला, दुसरा भाचीच्या खांद्यावर ठेवून रेटा दिला. त्या हाताखालून मुलगीच उठली. आत्या पुन्हा खाली बसली, तिला बहुधा तेच हवं होतं.

“माझी हरकत आहे,” मुलगी म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “लग्नाला नाही. मे महिन्याला.”

सुभेदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पंचाने गप्प बसायचं असतं.

उपासना संपल्यावर ते घरी गेले आणि पुण्याला कळवून मोकळे झाले, दिलेल्या शब्दाचे पक्के. मी तसाच लोणीची वाट धरली, कारण मुलाकडच्यांना सांगायचं कोणी तरी हवंच होतं. जाताना मनात शंभर वाक्यं जुळवली. नवऱ्या मुलाच्या आईने ती अर्धीसुद्धा म्हणू दिली नाहीत. मे महिना त्यांनी मागितलाच नव्हता, ती घाई सुभेदारांची. “घरात मास्तरीण आली तर आमाला काय नको हाय का?” ती म्हणाली. “पोरीचं शिक्षण पुरं व्हऊंद्या, ह्येच मी त्या दिशी जेवताना इचारत व्हते. तुमी मला चाकं दावली.”

पुण्याला मला बोलावणं आलं. कचेरीतल्या वडीलधाऱ्या साहेबांनी मला दुपारपर्यंत उभं करून पाळकाची जागा म्हणजे काय, ती रिकामी कशी ठेवू नये, मेंढरांना हाक कोणी मारायची, सगळं सांगितलं. झगा राहिला. यंत्र एक वर्ष त्यांच्या कपाटात ठेवायचं असा निकाल झाला. ते जमा करताना त्यांनी झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि जरा आवाज खाली आणून विचारलं, “चावी किती द्यावी लागते?” पुढे त्या वर्षात त्या कपाटातून गाण्यांचे आवाज यायचे, असं तिथला शिपाई सांगायचा. मी खात्री करून घेतली नाही.

मुलीने वर्ष पुरं केलं आणि ती मास्तरीण झाली. सुभेदार माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत, मग एकदा रेडिओ बिघडला तेव्हा बोलले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीन रविवार पुकार झाली, तिन्ही वेळा मी सदेह हजर. लग्नाच्या दिवशी शाळेच्या खोलीबाहेर मांडव घातला होता. लोणीचे पाहुणे, मिस्त्री, त्यांचा ग्रामोफोन, सगळे आले होते. यंत्र कपाटातून सुटून आलं होतं, पण मी त्याला बायकोच्या ताब्यात दिलं होतं, आणि तिने त्यावर लग्नाच्या अक्षतांचं ताट ठेवलं होतं.

लग्न लावतानाही एकदा शेवटचं विचारायचं असतं. मी विचारलं आणि थांबलो. आता मला थांबण्याची किंमत कळली होती. एकाही गुडघ्यावर अन्याय होता कामा नये, म्हणून मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेका म्हाताऱ्या माणसाकडे सावकाश बघत गेलो. नवरामुलगा घामाघूम झाला. लोणीकडचे एकमेकांकडे बघू लागले. मास्तरीणबाईंनी पदराआडून माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गात असतो तर ओणवा झालो असतो. तरी मी थांबलोच होतो.

शेवटी आत्याने बसल्या जागेवरून, उठायची तसदीही न घेता, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “उरका की आता, पाळकसाहेब. तुमच्यापरीस ते यंत्र बरं व्हतं.”